घोड्याला चार, बैलाला आठ

घोड्याच्या नालाशी आपल्या शहरी घरांचा संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक दाराच्या चौकटीवर आणि दुसरा हाताच्या मधल्या बोटात. नव्या ब्लॉकात बिऱ्हाड हलवायचे ठरले, की घरातले कोणी वडीलधारे माणूस कुठून तरी एक गंजका नाल पैदा करते आणि तो उंबरठ्यापाशी ठोकून घेते. दृष्ट लागत नाही म्हणे! साडेसातीच्या भीतीने काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी करून घालणारे गृहस्थ तर आपल्या ऑफिसात शेजारच्याच टेबलावर बसलेले असतात. नाल जितका झिजलेला तितका गुणकारी, असाही एक समज आहे. पण हा नाल झिजला कोणत्या रस्त्यावर, तो ठोकला कोणी, आणि ज्या जनावराच्या पायातून तो निघाला त्याला बदली दुसरा मिळाला की नाही, या चौकशीत आपण सहसा पडत नाही.

ही चौकशी ज्याच्याकडे करायची त्या माणसाला नालबंद म्हणतात. ‘नाल’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ पादत्राण. ‘बंद’ हा फारसी; म्हणजे बांधणारा. जनावरांच्या पायांत जोडे घालणारा तो नालबंद. आपल्या जोड्यात आणि या जोड्यात फरक एवढाच, की आपला जोडा चावला तर आपण तो काढून फेकतो आणि दुकानदाराशी भांडतो. घोड्याचा जोडा खिळ्यांनी ठोकलेला असतो. तो चावला तर लंगडण्याखेरीज तक्रारीचा दुसरा मार्ग घोड्याला ठाऊक नाही.

आज ‘नालबंद’ हे महाराष्ट्रातल्या अनेक मुसलमान कुटुंबांचे आडनाव आहे. आडनाव शाबूत आहे, धंदा मात्र हातातून निसटत चालला आहे. तो कसा चालत होता, कशाने आला आणि कशाने जात आहे, हे पाहायचे तर विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यासारखी जागा नाही. या कापसाच्या मुलखात घोडे थोडे आणि बैल फार. त्यामुळे इथे हातोडी वाजली ती घोड्याच्या खुरापेक्षा बैलाच्याच खुरावर अधिक.

काळी माती, पक्की सडक

वणी, पांढरकवडा, राळेगाव, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड ही यवतमाळ जिल्ह्यातली गावांची नावे घेतली, की डोळ्यांपुढे पऱ्हाटीची वावरे उभी राहतात. नदीकाठची आणि सखल भागातली जमीन काळी. या काळीत बैल वर्षभर राबतो. वखरणी झाली की पेरणी, पेरणी झाली की डवरणी. पण एवढे राबूनही त्याला नालाची गरज पडत नाही. खूर म्हणजे अखेर नखच. मऊ मातीत ते जेवढे झिजते तेवढेच पुन्हा वाढते. निसर्गाने हा जमाखर्च फार चोख ठेवला आहे.

तो बिघडवला सडकेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पुढे १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली. यवतमाळ काही या मार्गावर नाही. त्याला जवळचे स्टेशन धामणगाव, सुमारे ४५ किलोमीटरवर. तिथवर खडीची पक्की सडक झाली, आणि दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या त्या सडकेला लागल्या.

बंडी म्हणजे वैदर्भीय बैलगाडी. माणसांची ये-जा करायला हलकी रेंगी किंवा दमणी. माल वाहायला बंडी. कापूस वेचायच्या आधी वावरात ‘सीतादही’ करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचणी. आणि वेचलेला कापूस ठासून भरला की बंडी जिनिंग फॅक्टरीच्या वाटेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडी याच कापसासाठी आली. लोकांनी तिचे लाडके नाव ‘शकुंतला’ ठेवले. पण आगगाडी स्टेशनापासून स्टेशनापर्यंत धावणार. वावरापासून स्टेशनापर्यंतची मजल बैलांनीच मारायची.

भरल्या बंडीचा बैल तासाला तीन-साडेतीन किलोमीटर चालतो. धामणगावची एक खेप म्हणजे जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, तेही टोकदार खडीवरून. अशा रस्त्यावर खूर कानशीने घासावा तसा झिजतो. वाढ झिजेला पुरी पडत नाही. नखाखालचा कोवळा भाग उघडा पडतो, बैल पाय उचलून धरू लागतो आणि ऐन हंगामात जोडी घरी बसते. ज्याचे वर्षाचे सारे गणित चार महिन्यांच्या वाहतुकीवर आहे त्या शेतकऱ्याला हे परवडणार कसे? म्हणून लाकडी चाकाला जशी लोखंडी धाव, तशी बैलाच्या खुराला लोखंडी पत्री. दोन्ही लोहाराच्या घरच्या वस्तू.

याचा अर्थ असा, की नाल ही काही जनावराच्या अंगची गरज नव्हे. ती रस्त्याची गरज आहे. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे नालबंदाची पुढची सारी कहाणी नीट उमगते.

बैल पाडण्याची विद्या

घोड्याला नाल चार लागतात आणि बैलाला आठ. कारण उघड आहे. घोड्याचा खूर अखंड, बैलाचा दुभंगलेला. एका पायाला दोन नख्या, प्रत्येक नखीला स्वतंत्र पत्री, म्हणजे चार पायांना आठ. पत्री एकच घालून दोन्ही नख्या जखडल्या तर बैलाचे पाऊलच पडणार नाही. चालताना या दोन नख्या एकमेकींपासून किंचित फाकतात आणि पुन्हा मिटतात, त्यावरच त्याची पकड अवलंबून असते.

दुसरी अडचण याहून मोठी. घोडा सवयीने तीन पायांवर शांत उभा राहतो. नालबंद त्याचा चौथा पाय मांडीवर घेऊन काम करतो. बैलाला ते साधत नाही. एक पाय उचलला की त्याचा तोल जातो आणि तो सारा भार आपल्यावर टाकतो. तेव्हा त्याला निजवायचे! चारशे-साडेचारशे किलोंचे जनावर निजवायचे म्हणजे काही थट्टा नव्हे. पण इथे शक्तीपेक्षा युक्ती मोठी. एक लांब दोर शिंगांना बांधून तो मानेभोवती, मग छातीभोवती, मग मागे कमरेच्या पुढून पोटाभोवती असा वेढे देत न्यायचा आणि मागून दोघांनी सरळ ओढायचा. वेढे आवळले, की बैल धडपडत नाही. गुडघे मोडून संथपणे खाली बसतो आणि कुशीवर येतो. मग चारही पाय एकत्र बांधायचे आणि एकाने डोके दाबून धरायचे.

ही विद्या वाटते तेवढी सोपी नाही. जागा भुसभुशीत मातीची हवी. दगडावर पाडले तर बरगडी किंवा शिंग मोडायचे. बैल रिकाम्या पोटी हवा. भरल्या पोटाने त्याला फार वेळ आडवे ठेवले तर पोटात वायू साठतो, पोट फुगते आणि जीव घाबरा होतो. रवंथाची मोठी पिशवी बैलाच्या डाव्या अंगाला असते, म्हणून निजवायचा तो उजव्या कुशीवर. म्हणून हात चलाख हवा. आठ पत्र्या आणि त्यांचे सारे खिळे ठोकायचे, तेही बैल आडवा आहे तोवर. काम लांबले की जनावराचे हाल वाढले.

पत्री पातळ, नखीच्या आकाराची. खिळे ठोकायचे ते फक्त बाहेरच्या कडेला. कारण दोन नख्यांच्या मधल्या बाजूची भिंत फार पातळ असते, तिथे खिळा शिरला तर तो थेट मांसात. खिळ्याचे टोक नखीच्या बाहेरच्या भिंतीतून निघाले की ते वळवून घट्ट बसवायचे आणि वर कानस फिरवायची. ऐरण, हातोडी, पकड, कानस, खूर तासायचे धारदार हत्यार आणि डब्यात खिळे. एवढ्या सामानावर हा संसार चालायचा. आठवड्याच्या बाजाराच्या गावी जायचे, बैलबाजाराच्या कडेला बसायचे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेसारखा नावाजलेला बैलबाजार भरला की मग अशा माणसाला मान वर करायला फुरसत कुठली!

हा उद्योग काही आपल्याच देशातला, असे समजू नका. आगगाड्या येण्यापूर्वी इंग्लंडात वेल्सच्या डोंगरातली गुरे शेकडो मैल चालवत लंडनच्या बाजाराला नेत. निघण्यापूर्वी त्यांना अशाच पाडून आठ-आठ पत्र्या ठोकत. आणि बदकांच्या जातीचे हंस पायी न्यायचे झाले, तर त्यांना आधी डांबरातून आणि मग वाळूतून चालवत, म्हणजे पायाला आपोआप तळवे! अमेरिकेत बैल पाडण्याऐवजी लाकडी चौकटीत उभा करून पोटाखालून पट्टे घेत आणि त्याला झोळीसारखा उचलून धरत. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यापुढे जो लोखंडी खोडा दिसतो, तो याच चौकटीच्या नात्यातला. बैलाला न पाडता खोड्यात घेऊन काम झाले, तर त्याचे निम्मे हाल वाचतात.

एका नखावर उभा घोडा

आता घोड्याकडे वळू. तुमच्या हाताचे मधले बोट पुढे करा आणि अशी कल्पना करा, की बाकीची सारी बोटे नाहीशी झाली आहेत आणि या एका बोटाच्या नखावर तुम्हाला उभे राहायचे आहे. घोड्याचा पाय म्हणजे हेच. त्याचा खूर हे मधल्या बोटाचे नख. तीन-चारशे किलोंचा देह अशा चार नखांवर उभा असतो, धावतो आणि उडी मारून त्यांवरच उतरतो.

हे नख बाहेरून दगडासारखे दिसले तरी आत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. पाय जमिनीवर टेकला की खुराची टाच किंचित फाकते आणि तळव्यातली त्रिकोणी, रबरासारखी गादी दाबली जाते. पाय उचलला की सारे पूर्ववत. या दाबण्या-सोडण्याने खालचे रक्त वर ढकलले जाते. म्हणून शहाणा नालबंद टाचेकडे खिळे ठोकत नाही. तिथे खिळे ठोकले तर ही हालचालच बंद पडायची.

खुराच्या तळाशी नीट पाहिले तर कडेच्या कठीण भिंतीच्या आत एक फिकट पांढरी रेघ दिसते. ही नालबंदाची लक्ष्मणरेषा. रेघेच्या बाहेर मृत नख, तिथे खिळा गेला तर घोड्याला काही कळत नाही. रेघेच्या आत जिवंत मांस. भिंतीची जाडी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि तेवढ्या जागेत सहा-सात खिळे, घोडा जिवंत आणि हलता असताना, ठोकायचे! यासाठी नालाच्या खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते केलेले असते. बाजू बरोबर धरली तर खिळा आत शिरताना बाहेरच्या अंगाला वळतो आणि भिंतीतून सुखरूप निघतो. उलटी धरली तर तो आत वळतो. जाणता माणूस हातोडीचा आवाज ऐकत असतो. खिळा कठीण नखातून चालला असेल तर आवाज खणखणीत येतो. तो बोदा झाला की हात तिथेच थांबला पाहिजे. खिळा आत शिरून खुरात पू झाला तर घोडा आठवडेच्या आठवडे लंगडतो. आणि धनुर्वात ज्या प्राण्यांना फार लवकर होतो त्यांत घोड्याचा क्रम वरचा आहे. एका चुकीच्या खिळ्याने घोडा दगावू शकतो, यात अतिशयोक्ती नाही.

नाल ठोकण्याआधीचे काम ठोकण्याहून महत्त्वाचे. घोड्याला आधी चालवून पाहायचे. पाऊल सपाट पडते की एका अंगाला, हे जोखायचे. मग जुन्या खिळ्यांची वळलेली टोके सरळ करून नाल टाचेकडून सोडवायचा, वाढलेले नख कापायचे, तळ कानशीने सपाट करायचा. मग नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाचा करायचा. खुराला नालाच्या मापाचा करायचे नाही! आळशी कारागीर नेमके हेच करतो. मोठा नाल हाती नसला की खूरच पुढून तासून लहान करतो आणि वर कानस मारून चकचकीत करून देतो. मालक खूश, घोडा बिचारा घट्ट जोड्यात.

खूर महिन्याला सुमारे सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, तोच किंवा नवा नाल पुन्हा बसवावा लागतो. नाल झिजला नसला तरीही! इथेच बहुतेक मालक चुकतात. ‘अजून लोखंड शाबूत आहे, कशाला खर्च?’ असे म्हणून तीन-तीन महिने लोटतात. नख पुढे वाढत जाते, टाच खचते आणि मागच्या स्नायूंवर ताण येतो. तेव्हा दारावर ठोकण्यासाठी कुणी पत्र्यासारखा पातळ झालेला नाल अभिमानाने आणून दिला, तर तो ज्याच्या पायात होता त्याला वेळेवर नालबंद भेटला नसावा, एवढे खुशाल समजावे.

फौजेचा आगाऊ पैसा

या हस्तकौशल्याला एके काळी राज्ये किंमत देत. घोड्यांची निगा हा आपल्याकडे जुना शास्त्रविषय. शालिहोत्र ऋषींच्या नावावर अश्वशास्त्र आहे, आणि घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ हा जो शब्द पुढे रूढ झाला तो त्यांच्याच नावावरून. खिळ्यांनी लोखंडी नाल ठोकण्याची रीत मात्र मागाहूनची. युरोपात ती नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास पसरली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर आला, तेव्हा इराणी आखाताकडून जहाजांनी येणारे घोडे तिथे भराभर मरतात हे पाहून त्याला नवल वाटले. त्याने कारण लिहून ठेवले आहे ते मोठे मासलेवाईक: तिथे नालबंद नाहीत, आणि घोड्यांचे व्यापारी मुद्दामच नालबंदांना तिकडे जाऊ देत नाहीत, घोडे मेले तरच नवे खपणार ना! व्यापाराची ही नीती ऐकून आजही ओळखीची वाटते.

मराठ्यांच्या कारभारात तर ‘नालबंदी’ हा हिशेबाचा शब्दच झाला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी जी आगाऊ रक्कम देत तिला नालबंदी म्हणत. पगाराच्या आधी घोड्याचे पाय! शेकडो कोसांची दौड मारणाऱ्या फौजेला हे पक्के ठाऊक होते, की घोड्याचा पाय गेला म्हणजे स्वार गेला. दख्खनच्या मोहरमात नालाच्या आकाराची ‘नालसाहेबां’ची सवारी निघते, तीही करबल्याच्या रणातल्या इमाम हुसेनांच्या स्मृतीशी जोडलेली. वस्तू पायातली, पण तिला लोकांनी डोक्यावर घेतले.

सडक पुन्हा बदलली

जी सडक नालबंदाला घेऊन आली, तीच त्याला घेऊन गेली. खडीवर डांबर पडले. बंडीच्या लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आले. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांबाहेर कापसाच्या गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. पुढे त्या रांगांत ट्रॅक्टर आणि मालमोटारी वाढत गेल्या. वावर ते बाजार ही मजल इंजिनाने घेतली, आणि बैल पुन्हा काळ्या मातीपुरता उरला. तिथे त्याला पत्री लागत नाही. ‘शकुंतला’देखील थांबली. रेंगीतून पाहुणे येत ते बसने आणि मग मोटारसायकलने येऊ लागले.

घोड्यांचे तर सारेच आटोपत आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवणारा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे आणि तट्टे मिळून ३ लाख ४२ हजार भरली. २०१२ साली ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट!

कोणी म्हणेल, यात रडण्यासारखे काय आहे? ओझ्याखाली पिचणारा बैल सुटला, टांग्याचा घोडा सुटला, हे चांगलेच झाले. खरे आहे. खुरांत खिळे ठोकायची वेळ जितक्या कमी जनावरांवर येईल तितके बरे. मऊ मातीवर फिरणाऱ्या घोड्याला वेळच्या वेळी खूर तासून बिननालाचा ठेवला तर तो सुखात राहतो, हे आजचे जाणकारही सांगतात. पण या हिशेबात एक गोम आहे, आणि ती आपल्या ध्यानात येत नाही.

समजा, एका तालुक्यात शंभर घोडे आहेत आणि प्रत्येकाला पन्नास दिवसांनी नालबंद लागतो. म्हणजे रोज दोन घोड्यांचे काम. त्यावर एक घर चालू शकेल. आता घोडे वीस उरले. म्हणजे अडीच दिवसांतून एक घोडा. यावर घर चालणार नाही. नालबंद हातोडी ठेवून देईल आणि पोराला मोटारदुरुस्तीच्या दुकानात धाडेल. त्यात त्याची चूक काय? पण ते वीस घोडे तर अजून आहेतच! जनावरे निम्मी झाली म्हणून कारागीर निम्मे होत नाहीत; एका मर्यादेखाली ते एकदम शून्यावर येतात. मग त्या वीस घोड्यांचे खूर कोण पाहणार? कोणी मालकच पकड-हातोडी घेऊन बसतो, कोणी बैलाला पत्री मारणाऱ्याकडून घोड्याचे काम भागवून घेतो. पांढरी रेघ कुठे संपते हे ज्याला कोणी दाखवलेले नाही, त्याच्या हातात खिळा येतो.

ही विद्या पुस्तकात वाचून येत नाही. इंग्लंडात ती शिकायला काही वर्षांची उमेदवारी करावी लागते, आणि तिथल्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल ठोकणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे लष्कराच्या मेरठ येथील पशुवैद्यकीय केंद्रात हे काम शिकवले जाते. मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या घोड्यांना हलके ॲल्युमिनियमचे नाल ठोकणारे कसबी हात आहेत. १९३४ साली कैरोत डोरोथी ब्रुक या बाईंनी थकलेल्या घोड्यांसाठी जो दवाखाना काढला, त्यातून वाढलेली संस्था आपल्या देशातही वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांसाठी नालबंदांना शिक्षण देते. पण लष्करातला नालबंद वणीच्या बाजारात येत नाही, आणि शर्यतीचा नालबंद पुसदला मिळत नाही. तालुक्याच्या गावी, जिथे चार घोडे आणि दहा-वीस गाडीचे बैल उरले आहेत, तिथे एखादा म्हातारा असला तर असला. त्याच्याजवळ बसून शिकणारा पोरगा दिसत नाही, ही खरी काळजीची गोष्ट आहे. गुरांच्या दवाखान्यांनी अशा जाणत्या माणसाला हाताशी धरले, महिन्यातून एक दिवस ठरवून खोड्यापाशी खूर तासण्याचे काम ठेवले, तर त्याला काम मिळेल आणि जनावरांना माणूस मिळेल. डॉक्टरला खुराच्या आत काय आहे ते ठाऊक. नालबंदाला खिळा कुठून जातो ते ठाऊक. दोघे एकत्र आले तर सोन्याहून पिवळे.

रस्ता आणि खूर यांचे भांडण संपलेले नाही. जिथे मोटारींना मज्जाव आहे त्या माथेरानात लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून अलीकडे मोठा वाद झाला. घोडेवाल्यांचे म्हणणे होते, की यावर घोडे घसरतात. गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल म्हणजे ओल्या मोरीत खडावा! परदेशात शहरांतून फिरणाऱ्या पोलिसी घोड्यांना याकरिता नालाखाली रबर घालतात, किंवा रस्ता धरून ठेवणारे खास कठीण टोकांचे खिळे वापरतात. रस्ता बदलला की जोडा बदलावा लागतो, एवढी साधी ही गोष्ट.

वरातीआधी घोडे

आता थोडे आपल्या घरचे. तुळशीचे लग्न लागले, की आपल्याकडे लग्नसराईची वाजंत्री सुरू होते. कार्यालय, केटरर, बँड यांच्या जोडीला नवरदेवासाठी घोडी ठरते. घोडी ठरवताना आपण काय पाहतो? रंग पांढरा आहे ना, झूल भरजरी आहे ना, फोटोत शोभेल ना. पायांकडे पाहतो कोण? आणि हीच घोडी रात्रभर सिमेंटच्या रस्त्यावर, बँडच्या कल्लोळात, फटाक्यांच्या धुरात, पाठीवर नवरदेव आणि कधी त्याच्या पुढ्यात धाकटा करवला घेऊन उभी असते. झिजून गुळगुळीत झालेल्या नालावर ती घसरली, तर पडणार ती, आणि तिच्यासंगे आपलेच लेकरू. ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण आपण उशिरा सुचलेल्या शहाणपणाला लावतो. इथे हे शहाणपण वरातीआधी सुचलेले बरे.

त्याला फार ज्ञान लागत नाही. घोडी ठरवायला जाल तेव्हा झूल चढवण्याआधी तिला दहा पावले चालवून दाखवायला सांगा. मान प्रत्येक पावलाला वर-खाली झटकत असेल, तर ती लंगडते आहे असे समजा. खुराचे नख नालाच्या पुढे ओघळून आले आहे का, खिळे वर आले आहेत का, नाल हलतो का, हे पाहा. आणि मालकाला विचारा, ‘नाल कधी बदलला?’ दोन महिन्यांच्या आतले उत्तर आले तर ठीक. तो डोके खाजवू लागला तर दुसरी घोडी पाहा, किंवा नाल बदलण्याचे पैसे आगाऊ द्या. शिलेदाराला मोहिमेपूर्वी देत होते तीच ही नालबंदी! दहा यजमानांनी असे विचारले, तर अकराव्या खेपेला मालक आपण होऊन नालबंद शोधत जाईल. आणि नालबंदाला काम मिळत राहिले, तर कदाचित त्याचा पोरगा ऐरणीपाशी बसेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात. पोळ्याच्या दिवशी सजवलेली जोडी दारात आली, की घरची बाई आधी तिच्या पायांवर पाणी घालते आणि मग पुरणपोळीचा घास पुढे करते. वर्षातून एकदा का होईना, त्या पायांची आठवण ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. बाकीच्या दिवसांत ती ठेवण्याचे काम नालबंदाकडे होते. तो नसेल तर ते आता ज्याच्या दारात जनावर आहे त्याने, आणि ज्याच्या दारात ते भाड्याने येते त्यानेही, करायला हवे.